बारापर्यंतचं मौन

माझ्या तोंडाला कुलूप आहे आणि त्याची किल्ली आचार्यांच्या कमरेला आहे, असं नगरसभेतले लोक म्हणायचे. माझ्यासमोरच म्हणायचे. जी बोलत नाही तिला ऐकूही येत नसावं, असा त्यांचा समज. मी मुकी होते, बहिरी नव्हते. आणि मुकी तरी किती? दुपारी बारापर्यंत.

व्रत साधं आहे. पहाटे प्रार्थनागृहात दिवा लावायचा आणि तिथली दुपारची घंटा होईपर्यंत बोलायचं नाही. प्रार्थना म्हणायची असेल तरच तोंड उघडायचं. मुलगा लहान असताना तापाने हातचा जायला आला होता, तेव्हा आचार्यांनी मला हे व्रत दिलं. मुलगा उठून बसला. तेव्हापासून खंड नाही. हे गेले त्या सकाळीसुद्धा मी बोलले नाही. भावकीतल्या बायका म्हणाल्या, हिचं काळीज दगडाचं. मी मनात म्हटलं, दगड तर दगड, त्यावर दिवा तरी नीट बसतो.

आमच्याकडे वाटणी अशी आहे की उमेदवाराचं नाव धर्मपीठाने सुचवायचं आणि मतं लोकांनी द्यायची. आमच्या पेठेची जागा बायकांसाठी ठेवली गेली, तेव्हा पीठातून माझं नाव आलं. नगराध्यक्ष स्वतः घरी आले. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. हे शाळेत मास्तर होते आणि भाऊ यांचा विद्यार्थी, म्हणून मी त्याला अरेतुरेच करते.

"काकू, तुमच्यासारखं निर्मळ माणूस सभेत हवं," तो म्हणाला. "तुम्ही नुसत्या बसलात तरी आम्हाला बळ येईल."

नुसतं बसण्याचा अर्थ मला नंतर कळला. पूर्वी सभा संध्याकाळी भरायची. मी निवडून आल्यावर ती सकाळी दहाला भरायला लागली. मी आपली भोळी. मला वाटलं, बायकांना उशीर नको म्हणून असेल.

सभेची रीत अशी. ठराव वाचला की अध्यक्ष तीनदा विचारतात, "कुणाचा विरोध?" विरोध जागेवरून आणि तोंडानेच करायचा. चिठ्ठी चालत नाही, हात वर केलेला चालत नाही. कधीकाळी न आलेल्या सभासदांच्या नावाने चिठ्ठ्या फिरायच्या, त्यावर काढलेला हा तोडगा. तिसऱ्यांदा विचारूनही आवाज आला नाही, तर ठराव एकमताने मंजूर. मी आल्यापासून आमच्या नगरसभेत सगळं एकमताने मंजूर होत होतं. बाकीचे पीठाला घाबरून गप्प, मी देवासाठी गप्प. कागदावर दोन्ही गप्प सारखेच दिसतात.

असाच एक ठराव झाला की नगरसभेच्या कोणत्याही वास्तूत कुणी प्रार्थना म्हणायला लागलं, तर ती संपेपर्यंत दुसऱ्याने बोलू नये, उठू नये, कामकाज करू नये. जो सुरू करेल त्यानेच ती संपवायची. पीठाचे सेवक कधीही येऊन कचेरीत प्रार्थना म्हणायचे आणि लोक दाखले हातात धरून तिष्ठत राहायचे. दुसरा ठराव सूतिकागृहाच्या खिडकीचा. नगरसभेचं सूतिकागृह आणि प्रार्थनागृह यांच्यामध्ये एक अरुंद बोळ आहे. प्रसूतीच्या खोलीची एकुलती एक खिडकी त्या बोळात उघडते. ती कायम बंद ठेवावी, असं ठरलं. बायकांच्या ओरडण्याने भक्तांचं चित्त विचलित होतं.

आणि मग तो ठराव आला. सूतिकागृह बंद करून ती जागा पीठाच्या भक्तनिवासाला द्यायची.

ही बातमी मला कचेरीतून कळली नाही, मोठ्या सिस्टरांकडून कळली. सूतिकागृह त्या चालवतात. आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून. माझी सून शिवणाच्या मशीनवर गणवेश शिवत बसली होती, पाय सुजलेले, एक पेडलवर, दुसरा उशीवर. सिस्टर तिचा रक्तदाब तपासायला आल्या होत्या. पट्टा सोडता सोडता माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ताई, तुम्ही आमचं दुकान बंद करताय म्हणे."

"मी?"

"सभासद कोण, मी का? महिनाअखेरच्या सभेत ठराव आहे. ज्या दाईबाईंनी हे सूतिकागृह काढलं, त्यांनीच ती जागा गावाला दिली ना, त्या दानपत्रातच आहे, जागेचा वापर बदलायचा तर सगळ्यांचं एकमत हवं. एकही विरोध नको. म्हणून तर तुम्हाला तिथे नेऊन बसवलंय देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखं." त्यांनी पट्टा गुंडाळून पिशवीत कोंबला. "मागच्या आठवड्यात एकीला कळा चाललेल्या. पीठाचा सेवक आला, व्हरांड्यात उभा राहून लागला प्रार्थना म्हणायला. आणि मला खूण करतो, थांबा! मी म्हटलं, बाबा रे, मी थांबते, पण आतल्याला कोण सांगणार? तो नगरसभेचा नोकर नाही!"

सून हसली. हसता हसता तिने पोटावर हात ठेवला, आणि मग हसली नाही.

गेल्या खेपेला तिला झटके आले होते. बाळ गेलं. मुलगी होती. सून वाचली ती त्याच खोलीत, सिस्टरांच्या हातांखाली. डॉक्टरांनी या वेळी स्वच्छ सांगितलं होतं, हिला प्रवास झेपायचा नाही. आणि सूतिकागृह बंद झालं तर दुसरं इस्पितळ डोंगरापलीकडच्या शहरात. मुलगा मालगाडीवर ड्रायव्हर, घरी असला तर असला. वळणावळणाच्या रस्त्याने मी त्या पोरीला कशात घालून नेणार होते? पदरात?

त्याच दुपारी मी भाऊकडे गेले.

त्याच्या खोलीत टेबलामागे दोन खुर्च्या आहेत. एक त्याची. दुसरी तिच्याहून उंच, पांढऱ्या कापडाने झाकलेली. ती आचार्य येतील तेव्हासाठी. आचार्य वर्षातून दोनदा येतात, पण खुर्ची रिकामी असली तरी भाऊ तिच्याकडे पाठ करून बसत नाही. जरा तिरका बसतो. त्यामुळे त्याची मान दुखते, असं त्याची बायको सांगत होती.

"काकू! चहा सांगू?"

"चहा नको. सभा दुपारी ठेव."

"कुठली सभा?"

"ज्या सभेत तू सूतिकागृह देणारेस ती."

तो उठून दार लावून आला. "काकू, माझ्या हातात असतं तर दुपारीच ठेवली असती. पण दिवस आणि वेळ पीठातून येते. शुभ वेळ बघतात ते. त्यात मी कसा पडू? धर्माची बाब आहे."

"आणि जागा देणं?"

"तीही तशी धर्माचीच म्हणा ना. भक्तनिवास आहे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मला का हौस आहे? माझी दोन्ही पोरं तिथेच झाली. पण पुढच्या वर्षी निवडणूक आहे. पीठाने नाव सुचवलं नाही तर मी काय करू, केळी विकू?"

"वीक. पोटं भरतील लोकांची. इथे बसून काय भरतोयस?"

माझा आवाज मुळात हळू आहे. रागाने तो आणखी हळू होतो. भाऊने कान पुढे केला आणि म्हणाला, "काय म्हणालात?" मी पुन्हा सांगितलं नाही.

"तुम्ही आचार्यांशी बोला," तो म्हणाला. "ते वेळ बदलतील तर माझी ना नाही."

आचार्यांकडे चपला बाहेर काढून, हात धुऊन, थंडगार फरशीवर बराच वेळ बसावं लागतं. समोर काचेच्या पेटीत भक्तनिवासाची प्रतिकृती ठेवली होती. पुठ्ठ्याच्या भिंती, स्पंजाची हिरवी झाडं, नखाएवढ्या मोटारी. ठराव अजून मांडलाही नव्हता आणि यांची झाडं लावून झाली होती. मी नजरेने सूतिकागृहाची जागा शोधली. जिथे सिस्टरांनी माझ्या सुनेला परत आणलं, तिथे लिफ्ट होती.

आचार्य आले. मी वाकून नमस्कार केला. आजही करीन, माणूस कसाही निघाला तरी त्याने दिलेलं व्रत खरं होतं.

"बोला माई."

मी सगळं सांगितलं. सुनेचं, झटक्यांचं, रस्त्याचं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण सूतिकागृह नगरसभेचं. ठराव अध्यक्षांचा. आम्ही राजकारणात पडत नाही, माई."

"अध्यक्ष म्हणतात धर्माची बाब आहे, त्यात ते पडत नाहीत."

"बरोबरच आहे त्यांचं. ज्याने त्याने आपल्या मर्यादेत राहावं."

"मग सभेची वेळ तरी दुपारची द्या."

"वेळ आम्ही फक्त सुचवतो. पाळायची की नाही, ते अध्यक्षांनी ठरवायचं."

चेंडू कसा झेलतात ते बघावं या दोघांकडून. इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि मी मध्ये मान फिरवत उभी. मी म्हटलं, "मग मला एका दिवसापुरती व्रतातून मोकळीक द्या. तुम्हीच दिलंत, तुम्हीच सोडवा."

ते हसले. फार गोड हसतात. "व्रत तुमचं आणि देवाचं. मध्ये बोलणारा मी कोण? मोडायचं तर मोडा. मात्र ज्या मुलासाठी घेतलंत, त्याच्याच घरात आता बाळ येतंय. विचार करा."

म्हणजे दम दिला. हात जोडून, गोड हसून, माझ्या न जन्मलेल्या नातवंडाचं नाव घेऊन दम दिला.

घरी आले. सुनेने पाणी दिलं. मी तिला म्हटलं, "मी व्रत मोडणार आहे."

तिने मशीनखालचा पाय काढला. "नाही आई."

"अगं, तुझ्यासाठीच."

"म्हणूनच नाही. उद्या बाळाला साधी शिंक आली तरी सगळं गाव म्हणेल, आजीने व्रत मोडलं त्याचं फळ. आणि गावाचं सोडा. तुम्हीच म्हणाल. रात्रंदिवस स्वतःला खात बसाल. मला बाळ पण हवंय आणि सासू पण हवीय, अख्खी."

ती बरोबर बोलत होती. आणि खरं सांगायचं तर मला मोडायचं नव्हतंच. का मोडू? पहाटेचा तो दिवा, ती शांत सकाळ, अख्ख्या आयुष्यात माझी स्वतःची म्हणावी अशी ती एकच वस्तू. यांनी ती उचलून माझ्याच घराच्या दाराला कडी म्हणून घातली, आणि आता कडी तोडायचं पाप पुन्हा माझ्याच माथी? चोराने चोरी करावी आणि कुलूप फोडल्याचा दोष घरमालकाला द्यावा, तसला न्याय.

दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही, दुपारीसुद्धा. देवाशी मात्र भांडत होते. तिसऱ्या दिवशी भाजी निवडत असताना सिस्टरांचं बोलणं आठवलं. मी थांबते, पण आतल्याला कोण सांगणार. भाजी तशीच ताटात राहिली. सुनेने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "महापाठ म्हणून बघते जरा. मध्ये कुठे अडत तर नाही ना."

महापाठ ही आमची सर्वांत लांब प्रार्थना. आईने लहानपणी जात्यावर बसवून शिकवलेली. घाईने म्हटली तरी सकाळ सरते, आणि मला घाई नव्हती.

सभेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. लोकांच्या बाकांवर सूतिकागृहातल्या बायका बसल्या होत्या, काहींच्या मांडीवर पोरं. सिस्टर अगदी मागे, हाताची घडी घालून. पुढे मंचावर उंच खुर्चीत आचार्य, त्यांच्या शेजारी बुटक्या खुर्चीत भाऊ, तिरका. माझ्या बाजूला नेहमीप्रमाणे किराणावाले शेठ. हे गृहस्थ प्रत्येक सभेत एकच विनोद करतात. त्या दिवशीही केला. "वहिनी, आज तरी काही बोला. आम्हाला सवय नाही, आम्ही दचकू."

हेडक्लार्कांनी ठराव वाचला. त्यात 'सूतिकागृह' हा शब्द एकदाच आला, आणि 'पवित्र' इतक्यांदा आला की तो मळला.

भाऊने घसा साफ केला. "कुणाचा विरोध?"

पंखे फिरत होते. बाकांवरच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यांतल्या कितीजणींनी मला मत दिलं होतं!

"कुणाचा विरोध?"

तिसऱ्यांदा विचारायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात मी उभी राहिले. हात जोडले, डोळे मिटले आणि महापाठाची पहिली ओळ म्हटली.

माझा आवाज माझ्याच टेबलापुरता. पुढे कुणाला ऐकू गेला नसावा. भाऊ म्हणाला, "काय? काकू, काय?" त्याच क्षणी टेबलावर काहीतरी घासल्याचा आवाज झाला. शेठने आपल्यासमोरचा माइक माझ्याकडे सरकवला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. छताकडे बघत होते, जसं काही माइक आपोआप चालत गेला.

दुसरी ओळ सगळ्या सभागृहात घुमली.

मागून सिस्टरांचा आवाज आला, "प्रार्थना! प्रार्थना चालू आहे! बसा सगळे!" असल्या वेळी त्यांचं तोंड काय गप्प राहणार होतं? पण ते शेवटचं बोलणं. मग कुणी बोललं नाही. बोलायचं नाही, उठायचं नाही, काम करायचं नाही, सुरू करणाऱ्यानेच संपवायची. ठराव यांचा. एकमताने मंजूर केलेला. माझ्याही गप्प राहण्याने.

सुरुवातीला भाऊच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. त्याला वाटलं, चार ओळी म्हणून बसेल. आचार्यांना आधी कळलं. महापाठाचं पहिलं चरण संपून दुसरं सुरू झालं, तेव्हा त्यांचे डोळे उघडले. त्यांनी हात जोडलेले होते, सोडता येईनात. लोक बघत होते. प्रार्थना मध्येच थांबवता येते असं जर त्यांनी म्हटलं असतं, तर मग कळा देणाऱ्या बाईसमोरही थांबवता आली असती, दाखल्यासाठी तिष्ठणाऱ्या म्हाताऱ्यासमोरही. ते गप्प बसले. त्या दिवशी कुलूप कुणाच्या तोंडाला होतं ते सगळ्यांनी पाहिलं.

कुणाचा तरी फोन वाजून वाजून बंद पडला. चहाचे कप आले ते दारातच थांबले. बाकावरचं एक पोर रडलं, त्याच्या आईने त्याला पाजायला घेतलं. त्याला ठराव लागू नव्हता.

देवा, मी तुला खोटं सांगणार नाही. त्या सकाळी माझ्या तोंडात तुझं नाव होतं आणि छातीत राग होता. अंग तापलं होतं. आयुष्यभर मला शिकवलं की रागाने म्हटलेली प्रार्थना पोचत नाही. पण महापाठात एक ओळ आहे, 'दारी आलेल्या जिवाला माघारी धाडू नको.' लहानपणापासून किती वेळा म्हटली असेल, नुसती घडघड. त्या दिवशी ती म्हणताना मी डोळे उघडले आणि आचार्यांकडे बघून म्हटली. मग भाऊकडे बघून पुन्हा म्हटली. पाठात ती दोनदा नाही. मी दोनदा म्हटली. याचा जाब तुला द्यायला मी तयार आहे.

पाय सुन्न झाले. घसा सुकला. आणि मग बाहेर प्रार्थनागृहाची घंटा झाली. आचार्यांच्याच प्रार्थनागृहाची.

मी शेवटचं चरण म्हटलं, समाप्ती केली, मस्तक टेकवलं. आणि माइक तोंडाजवळ ओढून म्हटलं, "माझा विरोध आहे."

भाऊ चाचरला. "काकू... विरोधाची वेळ तर..."

हेडक्लार्क कागदावरून वर न बघता म्हणाले, "साहेब, आपण दोनदाच विचारलंय. तिसऱ्यांदा विचारायचं राहिलंय."

"मग विचार," मी म्हटलं. "मी इथेच आहे."

त्याने विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग त्या बायकांनी जो गलका केला, त्यात ठराव कुठे वाहून गेला ते कळलं नाही. शेठ एवढंच पुटपुटले, "वहिनी, दचकलो बुवा."

संध्याकाळी भाऊ घरी आला. एकटा, पायी. दारातच उभा राहून म्हणाला, "काकू, पीठाने तुम्हाला प्रार्थनागृहात यायची बंदी केली आहे. प्रार्थनेचा गैरवापर केलात म्हणून. माफी मागेपर्यंत. मी तुम्हाला निरोप द्यायला आलोय."

ज्या जागी मी रोज पहाटे दिवा लावायची ती जागा डोळ्यांपुढे आली. खांबामागची, तेलाने काळी पडलेली.

"एक सांगू?" तो म्हणाला. इकडेतिकडे बघून जवळ आला. "आतून मला बरं वाटलं. खरंच. माझीही मनातून तीच इच्छा होती."

तेव्हा मात्र माझा धीर सुटला.

"मनातून?" मी म्हटलं. "अरे, तुझं मन कुणी निवडून दिलं? लोकांनी तोंड निवडून दिलंय तुझं! मला तर सकाळी बोलायची बंदी आहे. तुला कसली बंदी? दिवसभर तोंड मोकळं आहे ना तुझं? तू खुर्ची धरून बसलास, ते देव धरून बसले, आणि दोघांनी मिळून आमच्या वाट्याला काय टाकलं, तर दोष! जागा गेली तर तो म्हणणार चूक याची, हा म्हणणार त्याची, आणि मेलेली पोर मात्र माझी! तुझे मास्तर आज असते तर तुला बाकावर उभं केलं असतं. नीघ. आणि त्या खुर्चीला पाठ करून बसायला शीक आधी, मान तरी सरळ होईल."

आवाज मोठा झाला नाही. पण सून आतून धावत आली, म्हणजे काहीतरी वेगळं ऐकू गेलं असणार. भाऊ खाली मान घालून गेला.

माफी मी मागितली नाही. पहाटेचा दिवा घरी लावायला लागले. खोटं कशाला बोलू, जीव रमत नव्हता. ज्या दाराने मला देव दाखवला, त्याच दारावर माझं नाव लिहून लावलं होतं. जाता-येता लोक वाचायचे. काही बायका मला बघून रस्ता बदलायच्या, आणि त्यांतल्याच दोघी सूतिकागृहात नाव नोंदवून आल्या होत्या.

सुनेला कळा सुरू झाल्या त्या पहाटे, दिवा लावून झाल्यावर. व्रत सुरू झालं होतं. शेजाऱ्यांच्या रिक्षातून आम्ही गेलो. मी तिचा हात धरून होते आणि बोलू शकत नव्हते. ती म्हणाली, "आई, नका बोलू, नुसतं धरा." मी धरला.

प्रसूतीच्या खोलीत भट्टी पेटल्यासारखं होत होतं. खिडकी ठरावाप्रमाणे बंद, वर खिळा ठोकलेला. पलीकडे प्रार्थनागृहात सकाळची प्रार्थना सुरू झाली, भोंग्यावर. इकडे सून ओरडत होती. सिस्टर घामाने निथळत, एका हाताने रक्तदाबाचा पट्टा आवळत म्हणत होत्या, "ओरड गं बाई, लाजू नको, जोरात!"

दार वाजलं. सिस्टरांनी मला मान हलवून खूण केली. मी उघडलं. पीठाचा सेवक होता. माझ्याकडे बघून जरा गडबडला, मग छाती काढून म्हणाला, "प्रार्थना चालू आहे. आवाज कमी करा."

मी त्याच्याकडे बघत राहिले. मला बोलता येत नव्हतं, आणि बोलावंसं वाटलंही नाही. मी दार लावून घेतलं, त्याच्या तोंडावर. कोपऱ्यात ऑक्सिजनची टाकी खोलायचा लोखंडी पाना पडला होता. तो उचलला, खिळ्याखाली घातला आणि सगळं अंग त्याच्यावर टाकलं. खिळा कुरकुरला, वाकला, निघाला आणि खिडकी किलकिली झाली.

सिस्टर ओरडल्या, "ताई, हा काय प्रकार आहे?" आणि लगेच, "राहू दे, राहू दे, वारा येतोय!"

मी खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. समोर, बोळापलीकडे, प्रार्थनागृहाच्या झरोक्याशी बसलेल्या भक्तांची डोकी एकदम इकडे वळली. मी मागे सरले नाही. तिथेच उभी राहिले, पाना हातात धरून, आणि माझ्या मागून माझी सून जोरात ओरडली.